दुखणाऱ्याची साक्ष

ताप मोजायला थर्मामीटर आहे, धान्य मोजायला तराजू आहे. पण दुखणे कशाने मोजायचे? ज्याचे त्यालाच ठाऊक! म्हातारा म्हणतो, ‘गुडघा ठणकतोय.’ त्याच्या शब्दावाचून दुसरा पुरावा नाही. आज एका औषधाच्या इतिहासातून हीच गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे. ते औषध म्हणजे गांजा. नाव ऐकून दचकू नका. शिवरात्रीची भांग आणि बुवाची चिलीम आपल्याला माहीत आहे. पण याच झाडाची इस्पितळातली हकिकत फारशी कोणी सांगत नाही.

कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ साली निघाले. तेथे विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवी. पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले ते यानेच. लोक गांजा औषधात वापरतात हे त्याने पाहिले. पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्यांकडून जुन्या ग्रंथांतले उल्लेख समजून घेतले. जनावरांवर प्रयोग केले आणि मग तो माणसांकडे वळला.

६ नोव्हेंबर १८३८. दुपारी दोन वाजता संधिवाताच्या तीन रोग्यांना गांजाच्या राळेचा एकेक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, देण्यात आला. चार वाजता त्यांतला एक गाऊ लागला, जास्त जेवण मागू लागला, ‘मी ठणठणीत आहे’ म्हणू लागला. रात्री आठला पाहावे तो बेशुद्ध! हात उचलून ठेवला की तसाच राही. सगळे घाबरले. पण पहाटेपर्यंत तो शुद्धीवर आला, सांधेही पुष्कळ हलके झाले.

नंतर आला एक म्हातारा हमाल. हा दुखण्याचे सोंग करतो, असे डॉक्टरचे मत. त्याला अर्धाच ग्रेन दिला. गड्याने गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, दोघांचे जेवण फस्त केले आणि सकाळपर्यंत झोपला. दुसऱ्या दिवशी म्हणतो, डोके दुखत नाही, काही त्रास नाही; तेच औषध पुन्हा द्या!

आता सांगा, त्याचे दुखणे थांबले होते की त्याला नशा आवडली होती? डॉक्टरने त्याला सोंगाड्या म्हटले, पण त्याचे बोलणे टिपून ठेवले, हे महत्त्वाचे. त्याचे नाव मात्र आपल्याला कळत नाही.

पुढे हे औषध विलायतेत गेले. पण तेथे एक अडचण आली. एका बाटलीने गुण येई, दुसरीने काहीच होत नसे, तिसरीने माणूस गुंगून पडे. शिवाय राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुईने टोचता येईना. मॉर्फीन टोचता येई, पुढे अ‍ॅस्पिरीन आले, आणि गांजा मागे पडला. त्यातले नशा आणणारे मुख्य द्रव्य राफेल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते १९६४ साली.

मग विचार पुन्हा सुरू झाला. जुन्या दुखण्याचे कित्येक रोगी सांगतात, ‘दुखणे गेले नाही, पण झोप लागते, दुखणे जरा लांब सरकते.’ चक्कर येते, तोंड कोरडे पडते, हेही तेच सांगतात. २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या समितीने जुनाट दुखण्यावर उपयोगाचा बऱ्यापैकी पुरावा आहे असे म्हटले. २०२१ साली इंग्लंडच्या आरोग्यसंस्थेने जुनाट दुखण्यासाठी ते देऊ नये असे सांगितले. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा आहे. वैद्यकीय व शास्त्रीय कामासाठी परवान्याची वाट तेवढी आहे. तेव्हा हे ऐकून कोणी चिलीम भरू नये. मात्र घरातली आजी ‘दुखतंय गं’ म्हणाली, तर ‘सोंग करते’ असे म्हणण्याआधी तिच्याजवळ बसा. कुठे दुखते, केव्हा दुखते, झोप लागते का, हे विचारा आणि डॉक्टरला जसेच्या तसे सांगा. त्या हमालाचे बोलणे कोणीतरी लिहून घेतले, म्हणून तर आज आपण ते ऐकतो आहोत.