हेदवीचा दशभुज गणपति व दोन खाड्यांमधील कांहीं पाहण्याजोगीं स्थळें

दाभोळ आणि जयगड या दोन बंदरांचीं नांवें इतिहासाच्या वाचकांस नवीन नाहींत. उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ, दक्षिणेस शास्त्री नदीच्या मुखावर जयगड; आणि या दोहोंच्या मधला जो गुहागर तालुक्याचा किनारा, त्याच्या दक्षिण भागांत हेदवी हें गांव आहे. इतिहासप्रेमी मंडळी या बाजूस आली म्हणजे बहुधा दाभोळची मशीद पाहून व गोपाळगडाचा तट फिरून परत जाते. हेदवीस जातात ते भाविक आणि सहलीस निघालेले लोक. त्यांस तेथें देवदर्शन घडतें, समुद्र पाहावयास मिळतो, व ते समाधानानें घरीं जातात. परंतु जुन्या पोथ्यांचा ज्यांस नाद आहे त्यांच्यासाठीं हेदवीच्या देवळांत एक पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा आहे, आणि केवळ तेवढ्यासाठीं त्यांनीं एक वेगळी खेप करावी असें आम्हांस वाटतें.

हेदवीचा गणपति 'दशभुज लक्ष्मी-गणेश' या नांवानें प्रसिद्ध आहे. मूर्ति शुभ्र संगमरवरी, दहा हात, डाव्या मांडीवर देवी, तिला गांवांत सिद्धलक्ष्मी म्हणतात, गळ्यांत नागाचें यज्ञोपवीत. पेशवाईंत केळकर स्वामी नांवाच्या गणेशोपासकानें पेशव्यांकडून मिळालेल्या द्रव्यांतून हें देऊळ उभारलें, व मूर्ति काश्मिरांत घडली, अशी परंपरा आहे. आम्ही प्रथम तेथें गेलों तेव्हां शाळेच्या नोकरींत होतों. संवयीप्रमाणें वही काढून एकेका हातांतील आयुध टिपूं लागलों. डाव्या बाजूच्या एका हातांतील वस्तु आम्हांस नीट उमगेना. जवळ उभ्या असलेल्या गांवच्या एका गृहस्थांनीं "ती लोंबी आहे, मास्तर, भाताची लोंबी," असें सांगितलें. आम्हांस तें खेडवळ भाबडेपणाचें वाटलें. देवाच्या हातीं लोंबी कशाला असेल? आम्हीं वहींत 'चवरी अथवा मोरपीस' असें लिहिलें आणि तें अनेक वर्षें तसेंच ठेविलें.

सेवानिवृत्तीनंतर सवड झाली तेव्हां लक्ष्मणदेशिकेंद्राचें शारदातिलक राघवभट्टाच्या पदार्थादर्श टीकेसह वाचावयास घेतलें. या राघवभट्टाविषयीं महाराष्ट्रीयांस आपुलकी असावी. त्याचें घराणें गोदातीरींच्या जनस्थानचें, म्हणजे नाशिकचें; टीका पुरी झाली ती काशींत, विक्रम संवत् १५५० मध्यें, म्हणजे इ.स. १४९३-९४ च्या सुमारास. या ग्रंथाचा तेरावा पटल गणपतीच्या मंत्रांचा आहे. त्यांत वर्णिलेल्या महागणपतीच्या ध्यानाशीं आलों आणि हेदवीची मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहिली. महागणपतीचें जें ध्यान उपासकांच्या पद्धतींतून सर्वत्र आढळतें, त्यांतील आयुधें अशीं: महाळुंग, गदा, उंसाचें धनुष्य, शूळ, चक्र, अब्ज, पाश, नीलकमळ, 'व्रीह्यग्र' म्हणजे भाताची लोंबी, स्वतःचा दांत, आणि अकरावा रत्नकलश, तो सोंडेंत. गृहस्थांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

दुसऱ्या खेपेस आम्ही आयुधांची ही यादी हातीं घेऊनच गेलों. गांवांत आयुधें सांगण्याचा क्रम असा: उजवीकडे वरून खालीं चक्र, त्रिशूळ, धनुष्य, गदा, महाळुंग, डावीकडे वरून खालीं कमळ, पाश, नीलकमळ, दांत, लोंबी, सोंडेंत अमृतकुंभ. वाचकांनीं हा क्रम ध्यानाशीं ताडून पाहावा. उजव्या बाजूचीं पांच आयुधें ध्यानांतील पहिल्या पांचांच्या बरोबर उलट येतात. याचें कारण उघड आहे. ध्यान उजव्या खालच्या हातापासून वर चढतें आणि डाव्या बाजूनें खालीं उतरतें. गळ्यांतील माळ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मोजावी तसें. गांवकरी मात्र दोन्हीं बाजू वरून खालीं सांगतात. डाव्या बाजूस दांत व लोंबी यांची तेवढी अदलाबदल आहे, बाकी सर्व जुळतें. अकरांपैकीं अकरा वस्तु जुळल्यावर हा गणपति म्हणजे तंत्रग्रंथांतील महागणपतिच होय, याविषयीं आम्हांस शंका उरली नाहीं.

यांत दोनतीन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली 'अब्ज' या शब्दाची. पाण्यांत जन्मलें तें अब्ज. कमळहि अब्ज आणि शंखहि अब्ज. दक्षिणेकडील महागणपतीच्या मूर्तींत चक्राच्या जोडीस बहुधा शंख आढळतो. तेथील शिल्पकारांनीं अब्जाचा अर्थ शंख घेतला. हेदवीस कमळ आहे. म्हणजे ज्यानें ही मूर्ति सांगून घडविली त्यानें शब्दाचा दुसरा अर्थ घेतला. वस्तूची नक्कल केली नाहीं, तर ग्रंथ वाचला. दुसरी गोष्ट धनुष्याची. गांवांत नुसतें 'धनुष्य' म्हणतात. ग्रंथाप्रमाणें तें उंसाचें असावयास पाहिजे. पुढें जाणाऱ्यांनीं त्यावर उंसाचीं पेरीं दाखविलीं आहेत कीं काय हें पुजाऱ्यांच्या अनुमतीनें जवळून पाहावें. तिसरी गोष्ट रंगाची. ध्यानांतील महागणपति अरुणवर्ण आहे, आणि येथील मूर्ति तर पांढरी शुभ्र! संगमरवरावर शेंदराचा लेप न देण्याची ही चाल मूळची कीं मागाहूनची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

'लक्ष्मी' या नांवाचा उलगडाहि येथेंच होतो. ध्यानांत देवास आलिंगन देणाऱ्या त्याच्या प्रियेच्या हातीं कमळ आहे. कमळ हातीं असलेली देवी पाहून लोकांनीं तिला लक्ष्मी म्हणावें हें साहजिक आहे. आणि सिद्धलक्ष्मी हें नांव तर उपासनामार्गांतहि परिचित आहे. गंमत अशी कीं, रांजणगांवास 'महागणपति' हें नांव आहे आणि तेथें तळघरांत वीस हातांची मूर्ति असल्याची आख्यायिका सांगतात. हेदवीस ग्रंथांतील महागणपति प्रत्यक्ष आहे, पण नांव मात्र निराळें पडलें.

आतां काळाचा विचार. देवळाचा जीर्णोद्धार १९५६ मध्यें झाला; त्यामुळें इमारतीच्या बांधणीवरून कांहीं ठरवितां येत नाहीं. तेव्हां परंपरेतील 'पेशवाई' हा शब्द या मुलखाच्या इतिहासाशीं ताडून पाहणें हाच मार्ग राहतो. हा किनारा अंजनवेलच्या अंमलाखालचा. अंजनवेलचा किल्ला सतराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. याच सिद्दीच्या सिद्दी सात नांवाच्या सरदारानें १७२७ त चिपळुणाजवळील परशुरामाचें देवस्थान लुटलें, व त्यामुळें ब्रह्मेंद्रस्वामी तें स्थान सोडून घांटावर धावडशीस गेले, ही हकीगत सर्वविश्रुत आहे. सिद्दी सात १७३६ त चिमाजी अप्पांशीं झालेल्या लढाईंत पडला. पुढें १७४५ त तुळाजी आंग्र्यानें अंजनवेल घेतलें व किल्ल्यास गोपाळगड असें नांव दिलें. तुळाजी आणि पेशवे यांचें वैर प्रसिद्धच आहे. १७५६ त तुळाजीचा पाडाव झाला तेव्हां हा मुलूख पेशव्यांच्या हातीं आला, आणि १८१८ पर्यंत राहिला. पेशव्यांच्या द्रव्यानें येथें देवस्थान उभें राहावयाचें तर तें या बासष्ट वर्षांच्या अवधींतच अधिक संभवतें. सिद्दीच्या अमदानींत पुण्याहून पैसा येऊन समुद्रकांठीं नवें देऊळ उठलें असेल, हें परशुरामाची दशा पाहतां मनास पटत नाहीं. मूर्तीचा दगडहि या प्रांतींचा नव्हे. येथें जांभा आणि काळाथर. उत्तरेकडून एवढा जड दगड आला तो घांट उतरून येण्यापेक्षां गलबतांतूनच येणें सोयीचें. त्यासहि दोन्हीं खाड्यांवर मित्राचा अंमल पाहिजे.

देवळांतून खालीं समुद्राकडे गेलें म्हणजे उमामहेश्वराचें लहान देऊळ लागतें, आणि त्याच्यालगत काळ्या खडकांत बामणघळ म्हणून प्रसिद्ध असलेली अरुंद भेग आहे. भरतीचें पाणी तींत कोंडलें जाऊन मोठा आवाज करीत कारंज्यासारखें उंच उसळतें. कोणी ब्राह्मण तींत पडला म्हणून हें नांव, अशी कथा आहे. अशा कथा कोंकणांतल्या प्रत्येक घळीस चिकटलेल्या असतात. ओहोटीस गेलें तर नुसता खडक दिसतो, व माणूस फसल्यासारखा परत येतो. म्हणून कोळ्यांचा जुना हिशेब येथें देतों: तिथीची पाऊणपट करावी, तितके वाजतां पूर्ण भरती. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, अमावास्येस व पौर्णिमेस सव्वा अकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण सर्वांत मोठें. खडक शेवाळलेला असतो. कडेपासून दूर उभें राहावें.

हेदवीहून उत्तरेस निघालें म्हणजे वेळणेश्वर, पालशेत, गुहागर अशीं गांवें लागतात. वेळणेश्वर व गुहागरचा व्याडेश्वर हीं अनेक चित्पावन घराण्यांचीं कुलदैवतें. पालशेतजवळच्या सुसरोंडी येथील गुहेंत डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांस पाषाणयुगीन हत्यारें मिळालीं, हें मात्र कुलाचारास येणाऱ्या मंडळींपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असतें. गुहागरास दुसऱ्या बाजीरावानें १८१२ च्या सुमारास समुद्रावरच्या कड्यावर वाडा बांधिला. इंग्रजी अंमल होतांच त्याचा बराच भाग पाडून लांकूड-दगड रत्नागिरीच्या सरकारी इमारतींस लाविला! पुढें अंजनवेलास गोपाळगड. 'अंजनवेलची वहिवाट' हें टिपण ज्यांनीं वाचलें आहे त्यांनीं तें तटावर बसून पुन्हां वाचावें. खालची खाडी समोर असतां त्यांतील नांवें जागीं होतात.

धोपाव्याहून फेरीबोटीनें वाशिष्ठी ओलांडली कीं दाभोळ. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी स्वदेशीं जावयास याच बंदरांत जहाजावर चढला, तो १४७२ च्या सुमारास. आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज आल्मेदानें हेंच शहर जाळून बेचिराख केलें. विजापुरी धाटणीची मशीद सतराव्या शतकाच्या मध्याची. चंडिकेचें देऊळ भुयारवजा असून आंत समयांच्या उजेडांतच दर्शन होतें. डोळे स्थिरावेपर्यंत घाई करूं नये.

दक्षिणेस तवसाळहून फेरीबोटीनेंच जयगडास जातां येतें. पेरिप्लसमधील मेलिझैगारा म्हणजे जयगड व पालैपत्मै म्हणजे दाभोळ, असें कित्येक पंडितांनीं म्हटलें आहे. नामसादृश्यावर उभारलेल्या अशा ओळखींवर आमचा फारसा भरंवसा नाहीं. एका लोंबीस मोरपीस म्हणून चुकल्यावर तर मुळींच नाहीं.

त्या दुसऱ्या खेपेस परततांना या टापूंतील एका घरीं आमच्यापुढें माळ्यावरचें बाड सोडण्यांत आलें. वर पंचांगें, त्याखालीं कर्जखतें, त्याखालीं कांहीं पूजापद्धति. आणि तळचा चार बोटांचा थर वाळवीनें मातीचा केला होता. ज्या थरांत जुन्यांत जुनें असावयाचें तोच गेला. मालकांस त्याचें दुःख होतें, परंतु पुणें दूर आणि पावसाळा जवळ. आम्हीं उरलेल्या पानांची यादी करून दिली व बाड कोरड्या पेटींत ठेवविलें. या तालुक्यांत ज्यांचें येणेंजाणें आहे त्यांनीं अशीं घरें पाहावींत, व पुण्याच्या पुरालेखागारांत ज्यांचा प्रवेश आहे त्यांनीं पेशवे दफ्तरांतील तालुके अंजनवेलचे रुमाल १७५६ पासून पुढें चाळावेत. नेमणूक, इनाम, नैवेद्य, दगडाची वाहतूक यांपैकीं कोणत्याहि कलमांत हेदवीचा उल्लेख मिळाल्यास पाहावयाचें तें एवढेंच, कीं त्या काळच्या कारकुनानें देवाचें नांव 'लक्ष्मी-गणेश' असें लिहिलें आहे कीं 'महागणपति'.