वाद्य कोणी घडवावे, कोणी वाजवावे?

आमच्या घराच्या आढ्याला हलगीचे एक कडे कित्येक वर्षे टांगलेले होते. कातडे नव्हते, नुसते लोखंडी कडे. लहानपणी मी ते काढून काठीने गल्लीत पळवायचो, तेव्हा आजी ओरडायची, "ठिव ते तितंच. तुज्या आज्यानं सोडलंय ते." या 'सोडलंय'चा अर्थ मला फार उशिरा कळला. १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या आमच्या लहानशा गावात महारवाड्याने जी कामे टाकली, त्यात मेलेली ढोरे ओढणे होते, सांगावा पोचवणे होते आणि गावाच्या लग्नात, जत्रेत, मयतापुढे हलगी वाजवणेही होते. आजोबांनी कातडे फाडले. कडे मात्र ठेवले. का ठेवले, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

मला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. जुने विद्यार्थी अजून घरी येतात. त्यातला एक गेल्या पावसाळ्यात आला आणि म्हणाला, "सर, मला हलगी करायला शिकायचीय. वाजवायला येते. करायला येत नाही." मी ताडकन म्हणालो, "बापजाद्यांनी जे सोडले ते तू पुन्हा गळ्यात अडकवणार?" तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या बापजाद्यांनी सोडलं सर. आम्ही मातंग. आमच्या घरात वाजवणं सुटलंच नाही, आमचं पोट त्याच्यावर आहे. पण आता पान फायबरचं येतं, कडं दुकानातून येतं. माझ्या चुलत्यासोबत करणं संपेल." मग त्याने मला अमेरिकेतल्या हौशी लोकांबद्दल सांगितले. तिकडे वकील, सुतार, निवृत्त शिक्षक रविवारी सिगारच्या रिकाम्या पेटीला दांडी ठोकून, तीन-चार तारा ओढून गिटार बनवतात. "त्यांना कोणी विचारत नाही, तुझी जात कोणती म्हणून तू हे करतोस," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

या हौशी मंडळींमध्ये एक गमतीचा वाद चालतो. काही जण नुसते घडवतच राहतात. भिंतीवर वीस-वीस वाद्ये टांगलेली, पण एक गाणे धड वाजवता येत नाही. वाजवणारे त्यांना हिणवतात की वाद्य वाजवण्यासाठी असते, टांगण्यासाठी नव्हे. घडवणारे म्हणतात, सुक्या लाकडातून आपल्या हातांनी पहिला नाद काढण्याचे सुख विकतच्या वाद्यावर बोटे फिरवणाऱ्याला कळायचे नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. पण हा वाद ज्यांना परवडतो त्यांचा आहे. ती पेटी पहिल्यांदा ज्यांनी हातात घेतली, त्यांच्यापुढे असा प्रश्नच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगार लहान लाकडी पेट्यांतून विकू लागले. रिकामी पेटी फुकट मिळे. पातळ फळ्यांची ती पेटी चांगली घुमे. यादवी युद्धातल्या छावणीत सैनिक सिगारपेटीचे फिडल वाजवत असल्याचे एडविन फोर्ब्स या चित्रकाराने काढलेले चित्र १८७६ साली प्रसिद्ध झाले. गरीब गोरेही ही वाद्ये करत, हे सांगितलेच पाहिजे. पण दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांच्या घरी ती गरज होती. बिग बिल ब्रून्झी या थोर ब्लूज गायकाचे पहिले फिडल सिगारपेटीचे होते, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. ज्याला पेटीही मिळत नसे, तो केरसुणीची तार सोडवून झोपडीच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणी, तारेखाली बाटली सरकवी आणि दुसऱ्या बाटलीचा तुकडा तारेवर घासत सूर काढी. याला 'डिडली बो' म्हणतात. इथे घर हेच वाद्य. घडवणारा आणि वाजवणारा एकच, कारण दुसऱ्याकडून घडवून घ्यायला पैसा नव्हता.

याच्याही मागे बँजोचा इतिहास आहे. तो आपण नीट वाचावा असा आहे, कारण त्यात आपलाच चेहरा दिसतो.

पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गाम्बियाच्या पट्ट्यात, जोला लोकांचे 'अकोंटिंग' नावाचे वाद्य आहे. भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडे ताणलेले, त्यातून आरपार गेलेली काठी आणि तीन तारा. गुलाम करून नेलेल्या माणसांच्या अंगावर वस्त्रही धड नव्हते, मग वाद्य कुठले नेणार? ते हातांच्या आठवणीत गेले. कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत त्यांनी तिथल्या भोपळ्याची, तिथल्या कातड्याची वाद्ये पुन्हा घडवली. हान्स स्लोन या वैद्याने जमैकात पाहिलेल्या अशा वाद्यांचे चित्र १७०७ च्या ग्रंथात छापलेले आहे. स्वतः गुलामांचा मालक असलेल्या टॉमस जेफरसननेही हे वाद्य काळ्यांनी आफ्रिकेतून आणले, अशी नोंद व्हर्जिनियावरील आपल्या पुस्तकात केली आहे.

मालकांना या नादाची भीती वाटे. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले, तेव्हा ते ढोल वाजवत चालले होते. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि त्यात गुलामांनी ढोल व शिंगे बाळगू नयेत, वाजवू नयेत असे कलम घातले गेले. ज्यांना लिहायला बंदी, त्यांना वाजवायलाही बंदी. आपल्या वाचकाला या जोडीचे नवल वाटू नये.

मग एकोणिसावे शतक आले. जोएल स्वीनी नावाचा व्हर्जिनियातला गोरा माणूस शेजारच्या काळ्यांकडून बँजो शिकला आणि १८३० च्या दशकापासून तोंडाला काळे फासून रंगमंचावर वाजवू लागला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स' या मंडळीने असे खेळ केले आणि देशभर त्यांची लाट उसळली. काळ्यांच्या बोलण्याची, चालण्याची, दारिद्र्याची टवाळी हा या खेळांचा मसाला होता, आणि त्या टवाळीच्या मध्यभागी काळ्यांचेच वाद्य होते. त्याच दशकात बाल्टिमोरचा ढोल बनवणारा विल्यम बाउचर कारागिरीने घडवलेले बँजो विकू लागला. भोपळा गेला, लाकडी कडे आले. आधी वाजवणे गेले, मग घडवणेही गेले. जे वाद्य गुलामांनी आठवणीतून उभे केले, ते शंभर वर्षांत गोऱ्या डोंगराळ मुलखाचे वाद्य म्हणून ओळखले जाऊ लागले.

आणि काळ्यांनी ते सोडले. याला कारणे अनेक. स्वस्त गिटार आली, ब्लूज आले. पण एक कारण शरमेचे होते. ज्या वाद्याबरोबर आपली नक्कल करणारा तोंडाला काजळी फासून नाचतो, ते वाद्य स्वाभिमानी माणसाने हातात कसे धरावे? माझ्या आजोबांना हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागला नसता.

काही जणांनी मात्र सोडले नव्हते. नॉर्थ कॅरोलिनात जो थॉम्प्सन नावाचा काळा फिडलवादक घरातली जुनी गाणी अखेरपर्यंत वाजवत राहिला. २००५ साली त्याच राज्यातल्या बून गावी काळ्या बँजोवादकांचे आणि अभ्यासकांचे संमेलन भरले. तिथे भेटलेली तरुण मुले थॉम्प्सनच्या घरी जाऊन त्याच्यापाशी बसून शिकली. त्यातून 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' हे पथक निघाले, आणि २०११ मध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यातली रिआनन गिडन्स आज या वाद्याचा काळा इतिहास जगाला सांगते. थॉम्प्सन २०१२ साली वारला. मुले सात वर्षे उशिरा गेली असती, तर शिकवायला कोणी उरले नसते.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेत वाद्य हिसकावून घेतले गेले. आपल्याकडे हिसकावण्याचीही गरज पडली नाही. व्यवस्थेने घडवणारे हात आणि वाजवणारे हात आधीच वेगळे करून ठेवले होते. जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीवर बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. मृदंगाचे उदाहरण घ्या. दक्षिणेतला मृदंग गाय, म्हैस, शेळी यांच्या कातड्यांवाचून बोलत नाही. ते कातडे निवडणे, कमावणे, ताणणे, त्याचा सूर जमवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने दलित ख्रिस्ती कारागिरांनी केले. पालघाट मणी अय्यरांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे मृदंग घडवणाऱ्या परलांदूचे नाव किती जणांना ठाऊक होते? टी. एम. कृष्णा या गायकाने २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहून या कारागिरांचा इतिहास मांडला, तेव्हा चेन्नईतल्या एका प्रतिष्ठित कलासंस्थेने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारले. कातडे चालते, पण कातड्याची गोष्ट चालत नाही.

सर्वच वाद्यांची कथा अशी नाही. मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम थंडावल्यावर सतार-तंबोऱ्याकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या हातात लाकूड आणि भोपळा होता, कातडे नव्हते, हा फरक आपण विसरू नये. विटाळ हातांना नव्हताच. तो मेलेल्या जनावराला हात लावायची सक्ती ज्यांच्यावर केली, त्यांच्या जन्माला चिकटवलेला होता. म्हणून तबल्याच्या पुडीवर उच्चवर्णीयाचे बोट पडले की ती कला ठरते, आणि तीच पुडी ताणणाऱ्याचे बोट पडले की तो धंदा ठरतो.

मग आम्ही हलगी सोडली ती चूक होती का? मुळीच नाही. आजोबांनी टाकला तो नाद नव्हता, हुकूम होता. "वाजव" म्हटले की वाजवायचे, "थांब" म्हटले की थांबायचे, आणि शिळ्या भाकरीसाठी उकिरड्याशेजारी बसायचे. ते सोडल्याशिवाय माणूसपण येत नव्हते. आणि नाद तरी कुठे सुटला? माझा चुलता भीमजयंतीच्या गाणीमंडळात तुणतुणे वाजवी. ते त्याने स्वतःच केलेले होते. डालड्याचा रिकामा डबा, बुडाला शेळीचे कातडे, बाजूला बांबूची काठी, मधून एक तार. त्या डब्यावर त्याने रात्रीच्या रात्री बाबासाहेब गायले. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गाण्यांपर्यंतची परंपरा अशाच हातांनी पुढे नेली. चुलत्याला कोणी तुणतुणे कर म्हणून सांगितले नव्हते. त्याला गायचे होते, म्हणून त्याने केले. सिगारची पेटी आणि डालड्याचा डबा यांच्यामध्ये समुद्र आहे, पण नाते सख्खे आहे.

घडवणे थोर की वाजवणे थोर, हा हौशी माणसाचा प्रश्न म्हणून मला मोलाचा वाटतो. तो प्रश्न पडण्याचा अधिकार माझ्या आजोबांना नव्हता. वेठ आणि हौस यांत कातड्याचा फरक नसतो, कड्याचाही नसतो. फरक 'नाही' म्हणण्याच्या सोयीचा असतो. ज्याला नाही म्हणता येते, त्याचेच 'हो' खरे.

पण एवढ्यावर मी सुटत नाही. माझ्या विद्यार्थ्याने माझ्या अभिमानाला एक टोचणी लावून ठेवली आहे. आम्ही बौद्धांनी हलगी खाली ठेवली, तेव्हा ज्यांनी ती उचलून ठेवली किंवा ज्यांच्याकडून ती सुटलीच नाही, त्या मातंग बांधवांकडे आम्ही कोणत्या नजरेने पाहिले? "ते अजून वाजवतात" असे म्हणताना आमच्या ओठांवर जी मुरड येते, ती आम्हाला कोणी शिकवली? ज्या गावाने आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच गावाची ती मुरड आहे. अण्णा भाऊंचे नाव व्यासपीठावर घ्यायचे आणि त्यांच्या जातीच्या वाजंत्र्याला लग्नात जेवायला शेवटी बसवायचे, हे आपल्यातही घडते. मी ते पाहिले आहे आणि पाहून गप्प बसलो आहे.

पुन्हा तो मुलगा आला तेव्हा मी त्याला सांगितले, "शीक. चुलत्याजवळ बसून शीक. कातडे कसे भिजवायचे, केस कसे काढायचे, कड्यावर कसे ताणायचे, विस्तवावर किती शेकायचे, सगळे लिहून ठेव. त्यांचे नाव वर लिही. आणि कोणी हुकमाने वाजवायला सांगितले, तर वाजवू नकोस."

मग मी आत जाऊन ते कडे आणले. गंजलेले होते. त्याने बोटाने वाजवून पाहिले, कानाजवळ धरले आणि विचारले, "हे सोडलेलं चालेल का, सर?"

मी म्हटले, "आज्याने कडे ठेवले होते. कातडे तेवढे सोडले होते."

तो ते घेऊन गेला. अजून आणून दिलेले नाही. घाई नाही.