माथेरानच्या माथ्यावरचं सलग रान

लोकल बदलापूर सोडून वांगणी-शेलूकडे धावू लागली की उजव्या हाताला डोंगररांग सोबत करते. मलंगगडापासून चंदेरी, पेब करत ती माथेरानला पोहोचते. पायथ्याशी गेल्या शंभर वर्षांत सगळंच पालटलं. अंबरनाथला कारखाने आले, फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर झालं, बदलापूरच्या भातखाचरांत इमारती उगवल्या. सुमारे 800 मीटर उंचीवरचं रान मात्र बऱ्याच अंशी टिकलं.

मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले. पाठोपाठ गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे लक्ष घातलं आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले. पण धनगर, ठाकूर, कातकरी यांच्या पायवाटा त्याआधीपासून तिथे होत्या. माथेरानच्या इतिहासात त्यांना पहिलं पान मिळायला हवं.

1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर आणली. जेमतेम दोन फूट रुंदीचा हा मार्ग डोंगराला वळसे घेत चढतो. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे तांबड्या मातीचे रस्ते, घोडे आणि माणसं.

याचा मोठा लाभ शेकरूला झाला. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी शक्यतो जमिनीवर उतरत नाही. मागच्या पायांनी फांदी पकडून तो उलटा लटकतो, लांब झुपकेदार शेपटीने तोल सांभाळतो आणि पुढच्या पंजांत फळ धरून कुरतडतो. काटक्या-पानांची घरटीही एकाहून अधिक बांधतो. एका झाडाची फांदी दुसऱ्याला भिडलेली असेल तरच त्याचा संसार चालतो. रुंद डांबरी रस्ता जांभूळ-अंजनीचं हे छत चिरतो आणि शेकरूची वाटच तोडतो. म्हणून माथेरानचा मोटारबंदीचा नियम पर्यटकांच्या शांततेपुरता मानणं अपुरं आहे.

4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. क्षेत्रफळ 214.73 चौरस किलोमीटर आणि भोवती 200 मीटरचा संरक्षक पट्टा. कर्जत, खालापूर, पनवेलबरोबर अंबरनाथ तालुक्याचाही काही भाग त्यात येतो. ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, आणि ती खटकते. रान वाचवायचं तर नुसता माथा राखून भागत नाही. उतारावरची कारवी आणि ओढेही राखावे लागतात.

सध्या डोंगराच्या कुशीतल्या प्लॉटच्या जाहिराती जोरात आहेत. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जमीन घेणाऱ्याने इसार देण्याआधी आपला गट नंबर संवेदनशील क्षेत्रात किंवा त्याच्या संरक्षक पट्ट्यात येतो का, हे तहसील कचेरीत जाऊन जरूर तपासावं.