मिस्किटो किनाऱ्याचा कारभार

घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू आणि शाळेत मराठी, अशा तीन भाषांत मी वाढलो. मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा ‘तुमची खरी भाषा कोणती?’ असं दोन्हीकडच्या लोकांनी विचारलं. त्यामुळे अनेक भाषांचा एखादा किनारा दिसला, की तिथला कारभार कुठल्या भाषेत चालतो, हे मी आधी पाहतो. निकाराग्वाचा पूर्व किनारा तसा आहे.

मध्य अमेरिकेतल्या या देशाचा हा कॅरिबियन समुद्राकडचा भाग क्षेत्रफळानं जवळजवळ निम्मा, पण वस्ती विरळ. उत्तरेला पाइनची माळरानं, खाली खाड्या, खारफुटी आणि आपल्या कोकणासारखा कोसळणारा पाऊस. राजधानी मानाग्वा पश्चिमेला. तिथून ब्लूफील्ड्स बंदराला जायचं तर शेवटचा टप्पा नदीतून होडीनं. पक्का रस्ता पोचला 2019 मध्ये!

स्पॅनिश सत्ताही इथे अशीच पोचली नाही. मिस्किटो राजे इंग्रजांच्या आश्रयानं राहिले. 1860 च्या तहात इंग्रजांनी निकाराग्वाचं सार्वभौमत्व मान्य केलं. मिस्किटोंना राखीव मुलुखात स्वतःचा कारभार मिळाला. 1894 मध्ये अध्यक्ष सेलायांच्या फौजेनं तो संपवला आणि मुलुखाला नाव दिलं सेलाया. जिंकणाऱ्याची ही हौस कुठेही सारखीच.

1979 च्या क्रांतीनंतर नव्या सरकारनं साक्षरता मोहीम काढली, तीही स्पॅनिशमधून. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, अक्षरं शिकू, पण आमच्या भाषेत. ते मान्य झालं. मन मात्र जुळलं नाही. सरकारविरोधी बंडखोरांशी लढाई पेटली आणि 1982 च्या सुरुवातीला कोको नदीकाठची मिस्किटो गावं रिकामी करून जाळण्यात आली. ही नदी म्हणजे होंडुरासची सरहद्द. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या 1960 च्या निकालानं ती पक्की झालेली. पण दोन्ही काठांवर भाषा एक, सोयरीक एक. हजारो लोक नदी ओलांडून पलीकडे गेले.

एवढं रक्त सांडल्यावर 1987 मध्ये स्वायत्ततेचा कायदा झाला. उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रदेश, प्रत्येकाच्या परिषदेत निवडून आलेले 45 सदस्य. मिस्किटो, मायांग्ना, रामा, गारिफुना आणि क्रिओल इंग्रजी या भाषांना तिथे स्पॅनिशसोबत अधिकृत वापराचा हक्क मिळाला. परिषदेच्या कार्यकारी मंडळात प्रत्येक समाजाचा माणूस हवा, असंही कलम घातलं. मला ते फार आवडतं.

खरं दुखणं जमिनीचं. गावाची सामाईक जमीन विकता येणार नाही, हे कायद्यात होतं. पण ती कुठून कुठवर, हे कागदावर नव्हतं. आवास तिंग्नी या मायांग्ना गावाच्या जंगलात सरकारनं लाकूडतोडीचा परवाना दिला. गाव थेट आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि 2001 मध्ये जिंकलं. जमिनीचा कागद हाती पडला 2008 मध्ये. तोवर पश्चिमेकडून कुऱ्हाडी आणि गुरं घेऊन आलेल्या लोकांची शेतं जंगलात शिरली होती.

मूळच्या रहिवाशांचा यातामा हा पक्ष 2023 मध्ये सरकारी यंत्रणेनं रद्द ठरवला, नेते तुरुंगात गेले. मार्च 2024 मध्ये परिषदांच्या निवडणुका झाल्या, त्या या पक्षाला वगळून.