एकादशीचे परदेशी पाहुणे

सामान्यज्ञान हा दोष आहे, हे मला एका आषाढी एकादशीला कळले. तोवर मी त्याला गुण समजत होतो.

पानात साबुदाण्याची खिचडी वाफाळत होती. गुपचूप गिळावी की नाही! पण अस्मादिकांनी आदल्याच दिवशी कुठेसे वाचलेले. म्हटले, ''आजी, या ताटात आपल्या देशाचं काय आहे, सांग पाहू?''

''म्हणजे काय मेल्या?''

''साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, नाव पोर्तुगीजांनी दिलेलं. मिरची मेक्सिकोची. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचेपर्यंत आपल्याकडे कुणी यांचं तोंड पाहिलं नव्हतं. अगं, ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ साली. त्यांनी ही खिचडी पाहिलीच नाही!''

मी विजयी मुद्रेने वर पाहिले. आजीने हातातला घास खाली ठेवला होता.

''मग माउली काय रे खात असतील उपासाला?''

साठ वर्षांच्या एकादश्या मी एका मिनिटात बुडवल्या होत्या! घाईघाईने म्हणालो, ''वरी खा ना. वरी जुनी, आपल्याकडचीच.''

पुढच्या एकादशीला आजीच्या पानात वरी होती. मिरचीऐवजी मिरी घातलेली. मिरी मलबारची, हेही मीच सांगितलेले. माझ्यापुढे मात्र खिचडी.

''तू खा हो पोटभर,'' ती म्हणाली, ''तुला कुठं पुण्य हवंय!''

खिचडी फक्कड जमली होती. फक्त घशाखाली उतरत नव्हती.