छापील अँटेनातील हार्मोनिक

मायक्रोस्ट्रिप अँटेनाची आयताकृती पट्टी मूळ वारंवारतेला जवळपास अर्ध्या तरंगलांबीची असते. त्यामुळे दुपटी-तिपटीच्या आसपासही ती अनुनादित होते. रेक्टेनात (अँटेना व डायोड रेक्टिफायर यांच्या जोडणीत) हे विशेष नडते: २.४५ गिगाहर्ट्झला डायोड ४.९ व ७.३५ चे हार्मोनिक निर्माण करतो आणि अँटेना ते परत हवेत सोडतो. वेगळ्या फिल्टरपेक्षा उपाय अँटेनातच छापणे बरे. फीडलाइनवर दुसऱ्या हार्मोनिकच्या पाव तरंगलांबीचा, उघड्या टोकाचा स्टब दिला की त्या हार्मोनिकचे तिथेच लघुपथन होते. मूळ वारंवारतेवर उरणारा त्याचा धारक परिणाम मात्र जुळणीत धरावा लागतो. हार्मोनिक दाबण्यासाठी ग्राउंड प्लेनमध्ये खाचाही कापतात. वर्तुळाकार पट्टीचे अनुनाद पूर्णांकपटीत नसतात, तरी २.०८ पटीला एक येतोच. पट्ट्यांच्या विविध आकारांसाठी गिरीश कुमार (तेव्हा आयआयटी मुंबई) व के. पी. रे (तेव्हा समीर संस्था, मुंबई) यांचा २००३ चा ग्रंथ पाहावा. त्याचा मुख्य विषय मात्र बँडविड्थ वाढवणे हा आहे.