फाइव्ह गार्डनचे जोशी

दादर-माटुंग्यातील ‘फाइव्ह गार्डन’चे अधिकृत नाव आहे मंचेरजी जोशी पंच उद्यान. आडनावावरून फसू नये. हे जोशी पारशी होते, पेशाने स्थापत्य अभियंते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. कोंदट, दाट वस्ती हेच रोगाचे माहेरघर, अशी सरकारची धारणा झाली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडायच्या आणि उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा येथे नवे, मोकळे उपनगर आखायचे, असा हा दुहेरी कार्यक्रम होता. पाडापाडीत बेघर झालेल्या गरिबांच्या वाट्याला मात्र नवे भूखंड क्वचितच आले. ट्रस्टच्या कारभारातील हा दोष झाकता येत नाही.

मंचेरजींनी ट्रस्टचे मन वळवून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. कोणत्या रस्त्याला कोणते झाड, हेही आधीच ठरले. फिर्दोसी रस्त्याच्या वाट्याला महोगनी आली.

कुलाब्याच्या खुसरो बागेला किंवा भायखळ्याच्या रुस्तम बागेला फाटके आहेत. दादरच्या या वसाहतीला भिंतच नाही. त्यामुळे पारशी वसाहतीतल्या या पाच बागांत माटुंग्याची मुले कोणालाही न विचारता खेळायला येतात.